लाईट गेले तरी

दादाचा नियम होता, पाईपातून जायचं नाही. मारिओत १-२ ला वरच्या विटांवरनं पळत गेलं की शेवटी तीन पाईप लागतात आणि त्यातून सरळ चौथ्या वर्ल्डला जाता येतं, हे बार्शीत आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण दादा म्हणायचा तसं जिंकलं तर त्याला जिंकणं कशाला म्हणायचं. आठ वर्ल्ड, एकेकात चार, ३२ च्या ३२ लेव्हल खेळायच्या आणि मगच राजकन्या. तर २००६ च्या मे महिन्यात, मी सुट्टीला काकूकडे गेलो होतो तेव्हा, एका संध्याकाळी दादा ८-४ ला पोचला. पहिल्यांदाच. दोन लाइफ शिल्लक. मी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो, काकूनं दिलेले शेंगदाणे तसेच मुठीत, आणि तो शेवटचा पूल दिसला, पलीकडं तो काटेरी पाठीचा राक्षस हातोडे फेकतोय, आणि लाईट गेले.

लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असायचं. साडेसहाला जायचे होते, त्या दिवशी सहालाच गेले. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरला आणि मग तोही विझला. दादा काही बोलला नाही. त्यानं दोन्ही रिमोटच्या वायरी नीट गुंडाळल्या, कॅसेट काढली, सवयीनं तिला एकदा फुंकर मारली आणि डब्यात ठेवली. मी विचारलं, दादा, ते सगळं कुठं गेलं? तो म्हणाला, कुठं जाणार, लाईटबरोबर गेलं.

तेरा-चौदा वर्षांचा होतो मी. पण हे उत्तर मला त्या दिवशी पटलं नाही आणि नंतरही पटत नाही, आणि आज मी जे काही करत बसतो, म्हणजे रात्री जेवणं झाली की जुन्या गेमच्या कॅसेटी उघडायच्या, आतली मेमरीची चिप काढायची आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीची लावायची, ते सगळं त्या एका संध्याकाळपासून सुरू झालं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे मिताशी, समुराई वगैरे नावानं जे टीव्ही गेम मिळायचे ते सगळे मुळात एका जपानी मशीनच्या वाटेवरचे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम, १९८३ चा. त्याच्या आत खेळ चालू असताना लागणारी मेमरी फक्त २ केबी. तुमचा स्कोर, लाइफ, कुठल्या लेव्हलला आहात, कासव कुठंय, सगळं त्या २ केबीत. आणि ती मेमरी वीज आहे तोवरच. आपल्या कॅसेटीत (आपण कॅसेटच म्हणायचो, कार्ट्रिज हा शब्द मला इंजिनिअरिंगला कळला) एक छोटी हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा थेंब असायचा, त्या थेंबाखाली खेळ. मारिओ तर अख्खा ४० केबीचा आहे, ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही त्याहून मोठा असतो. त्यात लक्षात ठेवायला जागाच नव्हती. तिकडं अमेरिकेत मात्र १९८७ ला झेल्डा नावाच्या खेळाची कॅसेट आली तिच्यात एक बटणासारखा सेल होता, त्या सेलवर एक छोटी मेमरी जिवंत राहायची, आणि पोरं आज खेळून उद्या पुढं खेळायची. फक्त एक सूचना होती, बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा, कारण वीज जाता जाता सीपीयू भरकटला तर मेमरीत काहीबाही लिहून जायचा. मी हे वाचलं तेव्हा मला आधी लोडशेडिंगच आठवलं. आमच्याकडे कोण रीसेट दाबून धरणार होतं?

हे सगळं मला कळलं ते नोकरी लागल्यावर. भोसरीत एका कारखान्यात विजेचे मीटर तपासायच्या खात्यात मी लागलो, घराबाहेर पेटीत असतात ते मीटर. माझं काम काय, तर मीटरची वीज काढायची, घालायची, परत काढायची, आणि प्रत्येक वेळी रीडिंग जसंच्या तसं आहे का बघायचं. शेकडो वेळा. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग एकदा मी आमच्या सरांना विचारलं की सर, लाईट गेल्यावर ह्याच्या लक्षात कसं राहतं, सेल तर फक्त घड्याळाला आहे. त्यांनी बोर्डवरच्या एका आठ पायांच्या चिपवर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, एफरॅम. हिला लाईट लागत नाही लक्षात ठेवायला. विजेचा हिशोब ठेवणारी वस्तू, आणि तिला स्वतःला आठवणीसाठी वीज नको. मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही, त्या चिपची डेटाशीट वाचत बसलो.

जमेल तसं सांगतो. जुन्या कॅसेटीत असायची ती एसरॅम. तिच्यात एकेका बिटसाठी चार-सहा ट्रान्झिस्टरची जोडणी असते, ते एकमेकांना धरून ठेवतात, आणि धरून ठेवायला सतत थोडी तरी वीज लागते. दार हातानं दाबून धरल्यासारखं. हात काढला की दार उघडलं. ३२ केबीच्या चिपमध्ये अशी २ लाख ६२ हजार १४४ दारं, आणि ती सगळी तो एक बटणसेल वर्षानुवर्षं धरून असतो. मला ह्यात त्या सेलचं फार कौतुक वाटतं, खरंच. एफरॅममध्ये शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साईडचा पातळ थर असतो, त्याच्या स्फटिकात मधला अणू विजेच्या झटक्यानं थोडा वर नाहीतर थोडा खाली सरकतो आणि तिथंच बसतो. वीज काढा, तो हलत नाही. म्हणजे दाराला कडी लावली. गंमत अशी की कडी लागलीये की नाही हे बघायला ती ओढूनच बघावी लागते, म्हणजे वाचताना तो अणू ढकलावा लागतो, त्यात आधीचं पुसलं जातं, आणि चिप लगेच स्वतःच ते परत लिहून ठेवते. दर वाचण्याला एक लिहिणं. ह्यानं ती झिजत नाही का, तर झिजते, पण मी वापरतो त्या एफएम१८डब्ल्यू०८ ला कंपनी कोटी गुणिले कोटी वेळा एवढं आयुष्य सांगते, आणि ७५ अंश तापमानात ३८ वर्षं लक्षात ठेवेल म्हणते. बार्शीचा मे महिनासुद्धा ७५ ला जात नाही.

ह्या चिपांचं पहिलं मोठं नाव म्हणजे रॅमट्रॉन, १९८४ ला अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला सुरू झालेली कंपनी. २०१२ ला ती सायप्रसनं घेतली आणि सायप्रस २०२० ला इन्फिनिऑननं. त्यामुळं माझ्या डबीत एकाच जातीच्या चिपांवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के सापडतात.

माझी मावसबहीण टोकियोत निशिकसाईला राहते, तिथं आपली बरीच मंडळी आहेत. तिला सांगून ठेवलं होतं की जुन्या सामानाच्या दुकानात गेमबॉयच्या (निन्टेन्डोचंच, पण हातात धरून खेळायचं मशीन) कॅसेटी दिसल्या तर घेऊन ये, चालत नसल्या तरी चालतील. दिवाळीला आली ती चकलीच्या रिकाम्या डब्यात सतरा कॅसेटी घेऊन. बऱ्याच कॅसेटींच्या मागं मार्करनं पोरांची नावं लिहिलेली, एकीवर नुसती मांजर काढलेली. गेमबॉयची कॅसेट साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडत नाही, तिला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, तो मी आधीच मागवून ठेवला होता. पण उघडायच्या आधी मी एक गोष्ट कधीच चुकवत नाही आणि ह्या नादाला लागणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, आधी रीडरला लावून आतला सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सेल काढला की एका क्षणात ती २ लाख ६२ हजार दारं उघडतात आणि मग काही म्हणता काही करता येत नाही. लोक व्हिडिओ बघून सरळ सेल उचकटतात. कुणाच्या तरी लहानपणीच्या दोन-तीन सुट्ट्या त्यात असतात, आणि त्या अशा जातात ह्याचा मला मनापासून राग येतो.

सतरातल्या अकरा मेलेल्या होत्या. पोकेमॉन गोल्डच्या तर सगळ्याच, कारण त्यात घड्याळ आहे, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल रात्रंदिवस चालतो आणि सेल लवकर संपतो. पण एक हिरवी होती, पोकेमॉन ग्रीन, १९९६ ची. लावली आणि चालू केली, तर सेव्ह होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. खेळणाऱ्याचं नाव तीन अक्षरांत, खेळलेला वेळ ४१ तास. मी बहिणीला फोटो पाठवला, ती म्हणाली हे मुलीचं नाव आहे रे. बघ की, ती मुलगी आता माझ्याहून मोठी असेल, आणि त्या एका सेलनं तिचे ४१ तास धरून ठेवलेत, तिला बहुतेक माहीतही नसेल. सेलला मीटर लावला तर २.६ व्होल्ट. अजून किती दिवस धरला असता कोण जाणे.

तो सेव्ह उतरवताना मला घाम फुटला होता. ३२,७६८ बाइटची एक फाइल, तीन वेळा उतरवली, तिन्ही ताडून बघितल्या. मग उघडली. हे काम हातानं कसं असतं ते सांगायला मला आवडतं. बोर्ड बिस्किटाएवढा. एसरॅमला दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय, पायांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर. आधी सेलच्या पट्ट्या सोडवायच्या, त्या बोर्डाला चिकटून असतात आणि जोर केला की खालचं तांबं उपटून येतं. मग चिपच्या पायांवर भरपूर पेस्ट, त्यावर कमी तापमानाला वितळणारं सोल्डर दोन्ही बाजूंनी सलग पसरायचं, आणि सोल्डरिंगचा तापलेला काविया एकदा ह्या बाजूनं एकदा त्या बाजूनं फिरवत राहायचं. मध्येच एक क्षण येतो, चिप पाण्यावर तरंगल्यासारखी जरा सरकते. तेव्हा चिमट्यानं उचलायची, ओढायची नाही. ओढली की गेलं. नंतर विकनं, म्हणजे सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या जाळीनं, जागा साफ करायची, आयसोप्रोपिलनं पुसायचं, आणि तिथं अठ्ठावीस चकचकीत पॅड दिसायला लागतात, अगदी नवीन. मग एफरॅम ठेवायची, एका कोपऱ्याचा पाय टाचायचा, समोरचा टाचायचा, भिंगातून बघायचं, आणि मग सगळ्यांना डाग द्यायचा. वीज खाली आली की मेमरीचं दार बंद करणारी एक छोटी रखवालदार चिप त्या बोर्डवर असते, एमएम११३४ नाहीतर बीए६१२९, ती मी काढत नाही. सेल नसला तरी वीज जातानाचा गोंधळ तीच अडवते. रीसेट दाबून धरण्याचं काम तिच्याकडं असतं म्हणा ना.

सेव्ह परत चढवला. चालू केलं. तीन अक्षरं, ४१ तास. मग बंद केलं, रात्रभर टेबलावर बिनसेलाची कॅसेट पडून, सकाळी चहाच्या आधी परत चालू केलं. होतं सगळं. मी ती पुढं खेळलो नाही आणि खेळणार नाही. जुनी एसरॅम आणि तो सेल दोन्ही एका औषधाच्या रिकाम्या डबीत आहेत, वर तारीख लिहून.

काही संग्राहक म्हणतात हे बाटवणं आहे, कॅसेट जशी कारखान्यातून आली तशीच ठेवायला हवी, मेली तर मेली. मला हे अजिबात मान्य नाही. वाड्याची कौलं बदलली म्हणून वाडा दुसरा होत नाही. मात्र नवीन चिपा घालून बनवलेल्या कॅसेटी जुन्या म्हणून विकणारे आहेत, ती सरळ फसवणूक आहे, आणि त्यांच्यामुळं आमच्यासारख्यांकडंही लोक संशयानं बघतात. चिपांचंही तसंच. एकदा स्वस्त मिळाल्या म्हणून परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी दहा एफरॅम मागवल्या. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरची अक्षरं पुसली गेली आणि खालून भलतंच काहीतरी निघालं, दहातल्या दहा घासून नवीन छापलेल्या. तेव्हापासून चार पैसे जास्त देतो पण खात्रीच्या ठिकाणाहून घेतो. पेस्ट, विक, वायर, लॉजिक चिपा ह्याला पुण्यात पासोड्या विठोबापाशी गेलं की काम होतं, आणि अगदीच अडलं तर मुंबईला लॅमिंग्टन रोड आहेच.

आता भाचीची गोष्ट. तिच्यासाठी मी झेल्डाची गेमबॉयवरची १९९३ ची कॅसेट केली होती, लिंक्स अवेकनिंग. तिच्यात एसरॅम ८ केबीचीच असते, आणि माझ्याकडच्या ८ केबीच्या एफरॅम संपल्या होत्या, म्हणून मी ३२ केबीची लावली. पाय जुळतात, फक्त मोठ्या चिपला पत्त्याच्या, म्हणजे मेमरीतली कुठली जागा हवी ते सांगणाऱ्या, दोन तारा जास्त असतात, पाय १ आणि पाय २६. छोट्या चिपला पाय २६ म्हणजे चिप निवडायची दुसरी तार, ती माझ्या बोर्डवर पॉवर असताना हाय होती, त्यामुळं तिकडून त्रास नव्हता. पाय १ छोट्या चिपला नुसताच असतो, कशालाच न जोडलेला. तो मी तसाच सोडला. बघितलं, चाललं, सेव्ह झालं, दिली.

जुलैत, धो-धो पाऊस चाललेला, तिचा फोन. मामा, माझी तलवार गेली. म्हणजे? म्हणजे सगळंच गेलं, पहिल्यापासून नाव विचारतंय. मी म्हटलं आणून दे रविवारी. दोन दिवसांनी परत फोन, मामा, तलवार आली! मला आधी वाटलं पोरगी मजा करतेय. पण मग आणखी चार दिवसांनी परत गेली. तेव्हा मला काहीतरी लक्षात यायला लागलं आणि पोटात गोळा आला, कारण चूक माझीच होती. पाय १ म्हणजे मोठ्या चिपचा ए१४, पत्त्याची सगळ्यात वरची तार. तो हवेत लोंबकळत होता, कधी स्वतःला हाय समजायचा कधी लो, आणि त्याप्रमाणं चिपचा कधी वरचा अर्धा भाग उघडायचा कधी खालचा. एकाच दाराच्या आड दोन खोल्या, आणि आज कुठल्या खोलीत शिरणार ते पावसाळी हवेवर.

रविवारी मी पाय १ तारेनं ग्राउंडला लावला आणि वाचलं, तर सेव्ह होता, तिचं नाव, पहिली गुहा पार. मग तीच तार ५ व्होल्टला लावली आणि वाचलं. दुसरा सेव्ह. त्यात नाव शेजारच्यांच्या कुत्र्याचं, कारण दुसऱ्यांदा विचारल्यावर तिनं ते टाकलं होतं. काहीच गेलं नव्हतं. तिला जेव्हा वाटत होतं की सगळं पुसलं गेलं तेव्हा ते शेजारच्या खोलीत जसंच्या तसं होतं. मी खुर्चीत मागं टेकून बराच वेळ बसलो. दादाला विचारलेला प्रश्न आठवला, ते सगळं कुठं गेलं. इथं निदान एकदा तरी मला उत्तर सापडलं होतं.

मी तिला विचारलं कुठला ठेवू, एकच राहील. ती म्हणाली दोन्ही नाही का राहणार? आणि खरंच, का नाही राहणार. ज्वारीच्या दाण्याएवढा सरकता स्विच मिळतो, तो पाय १ ला लावला, कॅसेटच्या कडेला चौकोनी भोक पाडलं. स्विच वर केला की ती, खाली केला की कुत्रा.

ह्या सगळ्याच्या आधीपासून माझ्या डोक्यात एक वेगळं खूळ होतं, फॅमिकॉमची स्वतःची कॅसेट बनवायची, पडद्यावर मराठी यायला हवं. त्यात चित्रांची चिप वेगळी असते, ८ केबी, आठ बाय आठ ठिपक्यांचे ५१२ चौकोन, एकेक १६ बाइटचा. आठ बाय आठमध्ये इंग्रजी अक्षर आरामात बसतं. देवनागरी बसवून बघा. वरची एक ओळ शिरोरेषेला जाते, ती शेजारच्या चौकोनाला भिडायला हवी नाहीतर शब्द तुटतो, मग मात्रा वर कुठं घालणार, त्यासाठी वर आणखी एक चौकोन. ‘लाईट’ लिहायला मला दोन आठवडे लागले, ‘गेले’ ला आणखी एक. आणि दर वेळी चुकलं की चिप पुसायची. चिप होती २७सी६४, काचेची खिडकी असलेली ईप्रॉम, ती अतिनील प्रकाशानं पुसली जाते. पुसायचं मशीन तेव्हा माझ्याकडं नव्हतं. डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं की भर उन्हात साधारण आठवडाभरात पुसली जाईल, इशारा म्हणून लिहिलेलं असतं ते, पण मी म्हटलं पुण्यात एप्रिलचं ऊन आहे, गच्ची आहे, अजून काय पाहिजे. आईच्या कुरडया वाळत होत्या, त्याच साडीवर एका कोपऱ्यात काळ्या फोमवर माझ्या सहा चिपा, खिडकी वर करून. आईनं एकदा विचारलं हे काय वाळत घातलंयस, मी सांगितलं ह्यातली अक्षरं उन्हानं जातात. ती म्हणाली बरं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आणल्या तर सगळ्या उलट्या. कुरडया उलटल्या तेव्हा आईनं ह्यापण उलटल्या होत्या, दुसऱ्या बाजूनं ऊन लागायला नको का. दोन दिवस वाया गेले, पण मला इतकं बरं वाटलं होतं त्याचं, माझ्या चिपांचीपण ती तशीच काळजी घेत होती. नवव्या दिवशी प्रोग्रामरला, म्हणजे चिपा लिहायच्या-वाचायच्या यंत्राला, लावल्या, सहापैकी पाच कोऱ्या, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत एफएफ. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून ठेवल्या, परत ऊन लागू नये म्हणून. आता पुसायचं मशीन आहे, वीस मिनिटांत काम होतं, तरी एप्रिल आला की एखादी चिप मी गच्चीवर नेऊन ठेवतो.

ती कॅसेट शेवटी झाली. मराठीत बोलते, आणि तिच्यात एफरॅम आहे, ८ केबीची. एफरॅम लावताना एक गोष्ट कळायला फार वेळ लागला. ही चिप पत्ता कधी वाचते, तर तिची निवडीची तार वरनं खाली येते त्या क्षणीच, जुन्या एसरॅमसारखी ती सतत पत्त्याकडं बघत बसत नाही. म्हणजे सीपीयूच्या प्रत्येक ठोक्याला, सेकंदाला जवळपास १८ लाख ठोके, ती तार वर-खाली व्हायला हवी. मी सुरुवातीला तो ठोका, एम२ म्हणतात त्याला, जोडलाच नव्हता, आणि पडद्यावर येणारे आकडे बघून वेड लागायची पाळी आली होती. चार इनपुटची एक नँड गेट घेतली, चौथ्या पायाला एम२ दिला, आणि सगळं शांत झालं.

ती कॅसेट करते एवढंच की लाईट किती वेळा गेले ते मोजते. कारखान्यातले मीटरही हे मोजतात, तिथूनच सुचलं. चालू केलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘लाईट गेले’, खाली देवनागरी आकडा, खाली ‘वेळा’. पण नुसतं रीसेट दाबलं तरी प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, मग लाईट गेले होते की कुणी रीसेट दाबलं हे ओळखायचं कसं. तर मशीनमधल्या त्या २ केबीत मी चालू होताना एक खूण लिहून ठेवतो. परत सुरू झाल्यावर खूण शाबूत असेल तर फक्त रीसेट होतं. खूण पुसली गेली असेल तर लाईट गेले होते, आकडा एकनं वाढवायचा. दादाचा ८-४ ज्या २ केबीतून गेला त्याच मेमरीच्या विसरण्यावर हे सगळं चालतं.

गेल्या दिवाळीत बार्शीला घेऊन गेलो. दादाचं आता खत-बियाणांचं दुकान आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, पण जुना गेम त्यानं माळ्यावर जपून ठेवला होता, वायरी तशाच गुंडाळलेल्या. टीव्ही शेजारच्यांकडून आणला, त्यांच्याकडं अजून पाठीमागं फुगीर असलेला आहे. कॅसेट लावायच्या आधी दादानं तिला फुंकर मारली. पडद्यावर आलं, लाईट गेले १७ वेळा. त्यानं वाचलं, परत वाचलं, शिरोरेषा कशी जोडली विचारलं. मग म्हणाला, आणि हे राहतं? सेल नाही काही नाही? मी म्हटलं राहतं. तो उठला, दाराशी गेला, खुर्चीवर चढला आणि सरळ मेन पाडला.

घर काळोखात. स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, गेले का रे लाईट?

नाही गं आई, दादा खुर्चीवरूनच म्हणाला, मी घालवलेत.

थोडा वेळ तो तसाच थांबला, हात वर, मेनवर. मग वर केला. टीव्ही हळूहळू उजळला. १८. दादानं ते बघितलं आणि परत मेन पाडला.